शालूबाईचा कोयता आणि हवालदाराच्या सुऱ्या

उंब्रजपासून कोसभर आत आमचं गाव. तिथं शालूबाई ऊस तोडायला उभी राहिली की शेजारच्या वावरातले गडी सावरून बसायचे. ती बोलता बोलता कुणाची टोपी उडवील याचा नेम नसे, आणि बोलताना तिचा हात कधी थांबत नसे. कोयता म्हणाल तर साधाच. कोंडीबा लोहारानं मोटारीच्या मोडक्या पाट्यातून ठोकलेला, मूठ बाभळीची, पातं काळंकुट्ट. धार मात्र अशी की ऊस तुटला हे उसाला उशिरानं कळायचं.

तिचं माहेर सांगलीच्या हळदपेठेतलं. वावर तिनं लग्नानंतरच पाहिलं. लढाई सुरू झाली आणि नवरा लालासाहेब पलटणीत भरती झाला. मागं राहिली सासू बयाबाई, थोडा ऊस आणि एक म्हैस. तेव्हा हिनं पदर खोचला आणि कोयता हातात घेतला. ऊस तोडला, काट्याचं कुंपण घातलं, जळण फोडलं, उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं तोडून म्हशीला घातलं. घर चाललं ते त्या काळ्या पात्यावर, हे मी शेजारी राहून डोळ्यांनी पाहिलंय.

शेहेचाळीस साली लालासाहेब हवालदार होऊन परतला. बाकीच्या शिपायांनी घड्याळं आणली, घोंगड्या आणल्या. ह्या गड्यानं आणल्या सुऱ्या. एक इटलीची हस्तिदंती मुठीची, एक मिसरची चांदीच्या म्यानातली, आणखी दोन-तीन कुठल्या कुठल्या. ट्रंकेत लाल मखमल अंथरून त्या नीट निजवलेल्या. सकाळी तो ओट्यावर बसायचा, एकेक काढून तेल लावायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला तिची कुळी सांगायचा. पाटणहून माणसं बघायला यायची. एकदा आमच्या गल्लीतल्या आकारामनं भाबडेपणानं विचारलं, "कापतीया का रं ही?"

लालासाहेबाला ते लागलं. "ह्या कापायच्या न्हाईत गड्या, बघायच्या हाईत."

शालूबाईलाही त्या सुऱ्यांचं कौतुक होतं, खोटं कशाला बोला. पण तिला एकच गोष्ट हवी होती. नवऱ्यानं तिच्याबरोबर वावरात यावं, तिच्या शेजारची सरी धरावी. इतकी वर्षं एकटीनं सरी ओढून ती आतून थकली होती. पण ती विषय काढायची आणि तो हसून म्हणायचा, "हवालदाराच्या हातात कोयता बरा दिसंल का?" मला तर त्याचा राग यायचा. हिला यायचा की नाही, ते ती दिसू देत नसे.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात, आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला तेवढीच विश्रांती. बयाबाईच्या घरात हा नेम फार कडक. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खुरपी आणि मधोमध शालूबाईचा कोयता बसला. म्हातारी लेकाला म्हणाली, "तुझ्या सुऱ्याबी ठेव की रं."

"नको आई. हळदीनं हस्तिदंत पिवळं पडतंय."

म्हातारीनं शालूबाईकडं पाहिलं. शालूबाईनं कोयत्यावर हळदीचं बोट जरा जोरातच ओढलं; तिला ते फार लागलं होतं.

दुपारी पुरणपोळी खाऊन सगळे आडवे झाले असताना गोठ्यात धडपड ऐकू आली. मीही धावलो. गाभण म्हैस खुंट्याभोवती गरागरा फिरून पाय अडकून पडली होती. घायपाताचा नवा दोर गळ्यात काचत चालला होता. डोळे पांढरे झालेले, जीभ बाहेर. गाठ अशी बसली होती की सुटता सुटेना. शालूबाई कोयत्याकडं वळली, तर बयाबाई वाटेत आडवी.

"पूजंतलं हत्यार उचलायचं न्हाई."

तेवढ्यात लालासाहेब गरजला, "सरका. माझ्या सुऱ्या पूजंत न्हाईत."

काय त्याचा रुबाब! ट्रंक उघडली, हस्तिदंती मुठीची सुरी घेऊन आला आणि गुडघे टेकून दोरावर चालवू लागला. पण त्या सुरीला जन्मात दगड दाखवलेला नव्हता, फक्त तेल पाजलेलं. ती दोरावरून नुसती सरकायची. त्यानं सगळं बळ लावलं, तशी मूठ त्याच्या हातात आली आणि पातं शेणात पडलं. मुठीकडं बघत बसलेला हवालदार मला अजून दिसतो.

शालूबाईनं सासूला हलकेच बाजूला केलं. "आत्याबाई, देवीला मी सांगते काय सांगायचं ते." पाटावरून कोयता उचलला, फुलं सांडली. दोर खुंट्यावर ताणलेलाच होता. एकच घाव. म्हैस फुसफुसली, पाय झाडले, उठून उभी राहिली. शालूबाईनं तिच्या गळ्यात हात घातले आणि ती रडली.

बयाबाई मात्र पाटावरच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघत होती; एकदा उचललेलं हत्यार परत पूजेत बसवायचं नाही, हाही तिचा नेम. "आता मधी कोन बसवू?" मग तिच्या तोंडावर मिश्कील हसू आलं. "लाला, आन तुझ्या सुऱ्या. त्यास्नी बसायची लय सवय हाय."

आम्ही पोट धरून हसलो. सर्वांत जास्त हसला तो लालासाहेब. हसता हसताच त्यानं ट्रंक आणली आणि आपल्याच बोटांनी एकेका सुरीला हळदकुंकू लावलं.

दसरा झाल्यावर तो बायकोबरोबर उंब्रजच्या बाजाराला निघाला. मीही मागं होतोच. तिथं बसणारा कोंडीबा लोहार कोयता घेणाऱ्याचा पंजा दाबून बघायचा आणि मगच मूठ बेतायचा. त्यानं हवालदाराचा पंजा हातात घेतला आणि मान हलवली.

"हात लय मऊ पडलाय, हवालदारसायेब. फोड येतील."

लालासाहेब ओशाळला. शालूबाईनं आपला पंजा त्याच्या पंज्याशेजारी उघडला. घट्ट्यांनी भरलेला, बोटांच्या पेरांना भेगा.

"येऊ देत की. तुमी गेलासा तवा माझाबी आसाच हुता."

त्या काळी आमच्याकडं नवराबायको बाजारातनं जोडीनं चालतसुद्धा नसत. पण लालासाहेबानं भरबाजारात तिचा हात धरला आणि तो घट्टा न् घट्टा बघत राहिला. लोक बघत होते, त्याची त्याला शुद्ध नव्हती. मग तो कोंडीबाला म्हणाला, "हिच्या जोडीनं चालंल आसा कोयता बनीव."