बटरला लागलेला वास

केकवाल्या काकूंच्या दारावर पाटी एकच होती आणि तिच्यावर धंदे दोन होते. वरच्या ओळीत 'सोपं बेकिंग, घरच्या ओव्हनमध्ये'. खालच्या ओळीत 'नेल आर्ट, आपलं आपण'. आणि तळाशी, दोन्हींना लागू पडेल असं, 'नवशिक्यांसाठी'. पाटी लेकीने रंगवली होती, त्यामुळे खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा चांगली बोटभर मोठी होती. काकू ते रोज बघायच्या आणि रोज गिळायच्या.

लेकीला घरात ठिपकी म्हणत. सात वर्षांची असताना तिने आगकाडीचं टोक नेलपेंटमध्ये बुडवून वाट्यांच्या बुडावर, शर्टाच्या बटणांवर, वडिलांच्या चष्म्याच्या काडीवर ठिपके देऊन ठेवले होते. नाव वडिलांनीच पाडलं. वडील गेले. चष्मा राहिला, नाव राहिलं, ठिपकी सत्तावीस वर्षांची झाली. आता ती नवख्या मुलींना टूथपिकने ठिपके, सेलोटेपने पट्टे आणि भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्याने दोन रंग एकमेकांत मिसळायला शिकवायची. दुकानातलं महागडं सामान न घेता जमतं, हे सांगणं हाच तिचा क्लास.

मायलेकींचं भांडण कधी टेबलावरून झालं नाही, पैशावरून तर नाहीच. भांडण होतं वासाचं.

"बाटली बंद कर," काकू स्वयंपाकघरातून.

"आई, मी आतल्या खोलीत आहे. दार लावलंय."

"माझं नाक दार वाजवून येत नाही. बटर बाहेर काढलंय, बंद कर म्हणते ना."

बटरच्या बाबतीत काकूंचं मत पक्कं होतं. "बटर म्हणजे भोळं पोर," त्या शिकायला येणाऱ्यांना सांगत. "ज्याच्या शेजारी बसवाल त्याचं उचलतं. तेव्हा गप्प राहतं, आणि ओव्हनमध्ये गेलं की सगळं बोलून टाकतं."

नाकावर तर त्यांचा सगळा क्लास उभा होता. घड्याळ खोटं बोलतं, ओव्हनचा काटा त्याहून खोटं बोलतो, हा पहिला धडा. केकला तीन वास असतात, हा दुसरा. आधी अंड्याचा येतो, तेव्हा दाराला हात लावायचा नाही. मग साखरेचा, तेव्हाही नाही. तिसरा वास बटर भाजल्याचा. तो आला की पाच मिनिटं मोजायची आणि केक बाहेर. काकू पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना "दुसरा आला" असं म्हणायच्या आणि तो आलेला असायचा. शेजारणी मागे म्हणायच्या, बाई नाकाने कांदे सोलते. म्हणायच्या आणि पोरींना त्यांच्याकडेच शिकायला पाठवायच्या.

हिवाळ्यात काकूंना ताप आला. सात दिवस अंथरुणाला खिळल्या. आठव्या दिवशी उठून त्यांनी कॉफी केली, कप तोंडाशी नेला आणि थांबल्या. कॉफीचा वास उडाला असेल, असं वाटून नवं पाकीट फोडलं. मग लवंगांचा डबा उघडला. मग न्हाणीघरातून फिनेलची बाटली आणली. फिनेल पाण्यासारखं होतं. बाटली हातात धरून त्या ओट्याला टेकून खाली बसल्या, आणि ठिपकी उठल्याची चाहूल लागली तेव्हा फरशी पुसायला लागल्या.

कुणाला सांगितलं नाही. गाणारीचा गळा बसला तर लोक गरम पाणी देतात. केक शिकवणारीचं नाक गेलं तर लोक दुसरा क्लास बघतात. एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्या.

"येईल परत?"

"येतं बऱ्याच जणांचं."

"माझं?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "चार वस्तू घ्या. कॉफी, लवंग, लिंबू, व्हॅनिला. सकाळ-संध्याकाळ हुंगा. नुसतं हुंगू नका, वास आठवत हुंगा."

मैद्याच्या डब्यामागे चार छोट्या बाटल्या आल्या. क्लासमध्ये काकू नाटक शिकल्या. वीस मिनिटं झाली की त्या डोळे मिटायच्या, छाती भरून श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "सांगा बरं, कितवा?" शिकायला आलेल्या चौघांपैकी कुणीतरी "दुसरा" म्हणायचं. काकू मान डोलवायच्या. शिकणाऱ्यांना वाटायचं, काय छान पद्धत आहे, आपल्याकडून काढून घेतात. ओव्हनचं दार उघडलं की काकू पाठ वळवून केकमध्ये हळूच टूथपिक खुपसायच्या आणि कोरडी निघते का बघायच्या. ज्या टूथपिकला त्या आयुष्यभर आंधळ्याची काठी म्हणत आल्या, तीच.

आणि मग एक गोष्ट झाली, जिचा हिशेब त्यांनी धरलाच नव्हता.

एका दुपारी ठिपकी उजेडासाठी ट्रे घेऊन बाहेरच्या टेबलावर आली. गप्पांच्या नादात तिने बाटली उघडली, मग जीभ चावली आणि आता आई ओरडणार म्हणून खांदे आक्रसून बसली. आई मैदा चाळत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी तिने धीर करून विचारलं, "आई, मी इथेच बसले तर चालेल?"

काकूंनी तेव्हा मान वर केली आणि उघड्या बाटल्या त्यांना पहिल्यांदा दिसल्या. पाच होत्या.

"बस की," त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार.

त्यानंतरचे चार महिने वाईट गेले असं काकूंना कधीच म्हणता आलं नसतं. टेबलाच्या एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला काठीवर चिकटवलेली प्लॅस्टिकची नखं. टूथपिकची डबी मध्ये, दोघींची. ठिपकी बोलायची. शाळा सुटल्यापासून इतकी बोलली नव्हती.

"काल एक बाई आली. म्हणे, दहा नखांवर दहा फुलं हवीत. मी म्हटलं, तुमची नखं केवढी, फुलं केवढी. तर म्हणे, कळ्या काढ मग."

"काढल्यास?"

"ठिपके दिले. म्हटलं, ह्या उद्या उमलतील."

काकू हसायच्या. पुढे एकदा ठिपकी मैत्रिणीशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं: "अगं, आईने शेवटी माझं काम मानलं. समोर बसून करते मी आता, चकार शब्द नाही." ते वाक्य काकूंनी मनात घडी घालून ठेवलं. त्या दिवसापासून लपवायची गोष्ट दुप्पट झाली. नाकाचं कळलं तर क्लास जाईल, ही भीती होतीच. आता लेकीचं ते वाक्यही जाणार होतं.

मग तो शुक्रवार आला. ठिपकीने संध्याकाळी सरावाची नखं रिमूव्हरने पुसली, थोडं सांडलं, ते कोऱ्या कापसाने टिपलं आणि ओला कापूस बशीत टाकून ती बाहेर गेली. थोड्या वेळाने काकू आल्या. उद्याच्या क्लाससाठी बटर मऊ व्हायला हवं होतं. त्यांनी दोन पाकिटं फोडून उघड्या भांड्यात ठेवली. भांडं टेबलावर, बशीला खेटून. कापूस त्यांना दिसला. पांढरा कापूस, त्यात काय बघायचं.

शनिवारी चौघं आले. दाताच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, निवृत्त पोस्टमन आणि दोन जावा, ज्यांच्यात कुणाचा केक जास्त फुगतो यावरून घरी आठवडाभर अबोला असायचा. बटर आणि साखर फेटायला घेतली. रिसेप्शनिस्टचा हात थांबला.

"काकू, हा कसला वास हो?"

चारी चमचे थांबले. काकूंनी डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. आत काहीच आलं नाही, नेहमीसारखं, रिकाम्या खोलीचं दार उघडावं तसं.

"व्हॅनिला," त्या म्हणाल्या. "नवी बाटली आहे. जरा उग्र निघाली."

चौघांनी भांड्यात बघितलं. मग पोस्टमन अगदी अदबीने म्हणाले, "मॅडम, व्हॅनिला आपण अजून घातलंच नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात ठिपकी उभी राहिली, तोंडात टूथब्रश. तिने एक श्वास घेतला आणि ब्रश तोंडातून काढला. तिने भांड्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं, मग आईकडे. आईचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"चूक माझी आहे," ठिपकी म्हणाली. "रिमूव्हर सांडलं माझ्या हातून. आई मला पाठीशी घालतेय. व्हॅनिला म्हणे."

"आई ती आईच," थोरली जाऊ म्हणाली, आणि सगळे सुटल्यासारखे हसले. बटर टाकून दिलं. त्या दिवशी तेलातला केक केला. कितवा वास, हे काकूंनी विचारलं नाही.

सगळे गेल्यावर ठिपकी समोर बसली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

काकू पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होत्या. "तापापासून."

ठिपकीने मनाशी मोजलं. "म्हणजे मी टेबलावर आले त्याच्या आधी."

"हो."

"आणि मला वाटत होतं की..."

"तुला काय वाटत होतं ते ठाऊक आहे मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"छान बोलत होतीस," काकू म्हणाल्या. "म्हटलं, बोलू दे."

ठिपकीने टूथपिकची डबी उचलली, उगाच आडवी केली, उभी केली. "एक विचारते. खरं सांग. नाक धड असतं तर मला इथे बसू दिलं असतंस?"

चार महिने काकूंनी दर शनिवारी डोळे मिटून खोटं बोलून दाखवलं होतं. आणखी एक सहज जमलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ओरडले असते."

"बरं," ठिपकी म्हणाली. एखादीचं वाढवलेलं नख मोडलं की ती म्हणायची तसंच. मग उठून तिने एकेक ट्रे आत नेला, बाटल्या नेल्या, काठीवरची नखं नेली आणि दार ओढून घेतलं.

"दार कशाला लावतेस?"

"वास येतो."

"मला कुठे येतोय."

"तेच," आतून आवाज आला. दार उघडलं नाही.

पुढच्या शनिवारी काकूंनी चौघांना सांगून टाकलं. धाकटी जाऊ म्हणाली, "अगंबाई." पोस्टमन म्हणाले, "मग तिसरा वास कोण ओळखणार?"

"तुम्ही."

"आणि चुकलो तर?"

"तर करपेल. खाऊ."

त्याच्या पुढच्या शनिवारी दोघं आले, पोस्टमन आणि धाकटी जाऊ. रिसेप्शनिस्टची पाळी बदलली होती म्हणे. थोरलीने कारणसुद्धा कळवलं नाही. त्या दिवशी केक खरंच करपला. काकूंना तो काळा झालेला दिसला तेव्हाच कळलं. पोस्टमन सर्दीने बेजार होते आणि त्यांनी संकोचापायी ते सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी काकूंनी आतल्या खोलीचं दार वाजवलं. स्वतःच्या घरातलं दार त्यांनी आजवर कधी वाजवलं नव्हतं.

"थोडं रिमूव्हर दे."

ठिपकीने दार अर्धवट उघडलं. "नेलपेंट लावलीस की काय?"

"हुंगायला हवंय. डॉक्टरांनी चार वस्तू सांगितल्यात. पण कॉफीवर कोण चिडलंय कधी? लिंबावर? वीस वर्षं रोज ज्या वासावर ओरडले, तो तरी मला विसरणार नाही, असं वाटतंय."

ठिपकी आईकडे बघत राहिली. "आणि आला तर?"

"आला तर ओरडेन."

ठिपकीच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण हसू तिथेच राहिलं. तिने एका रिकाम्या बाटलीत रिमूव्हरचा बोळा घातला आणि व्हॅनिलाशी गफलत नको म्हणून झाकणावर टूथपिकने लाल ठिपका दिला. बाटली आईच्या हातात ठेवली. दार पुन्हा लावून घेतलं.

तेव्हापासून मैद्याच्या डब्यामागे पाच बाटल्या आहेत. काकू संध्याकाळी टेबलावर एकट्या बसतात आणि एकेक उघडतात. लाल ठिपक्याची शेवटी. क्षणभर नाकाशी धरतात, डोळे मिटतात, आणि जुन्या दुपारी आठवतात, बाटली बंद कर, बटर बाहेर काढलंय.

"आला?" बंद दारामागून ठिपकी विचारते.

"नाही."

आत मग नेलपेंटची बाटली हलवल्याची टकटक सुरू होते. काकू झाकण लावतात, घट्ट, जुन्या सवयीने.