आमच्या माळावरचं ऊन

सूर्यावर अखंड नजर ठेवणाऱ्या दुर्बिणींच्या साखळीसाठी आपल्या भागात जागा शोधायचं काम आम्हा दोघांवर होतं. इथं सूर्य मावळला की पश्चिमेकडची दुर्बीण त्याला पुढं पाहणार. मी वडूजजवळच्या आमच्या गावचा माळ सुचवला, सहकाऱ्यानं जतकडची टेकडी. तो सांगलीकडचा, कृष्णाकाठच्या बागायतदारांचा. डब्यात रोज दही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ही नोकरी मिळाली हेच पुष्कळ, असं स्वतःला बजावूनही त्याचा हेवा सुटत नसे. या खेपेला मात्र मी निर्धास्त होते. जागेच्या निवडीत कोरडेपणाला गुण होते, आणि त्यात आमचं गाव पहिलं!

सूर्याभोवतीचं आभाळ किती निळं आहे, हे मोजणारं यंत्र माळावर बसवलं, तसंच त्याच्या टेकडीवरही. कितीतरी महिने माझे आकडे त्याच्याहून सरस आले. हिवाळ्यात अचानक घसरले. ढग नव्हते, म्हणून कारण शोधायला मी गावी गेले. माळाखालच्या आमच्या रानात आबा पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवत होते. कालव्याचं पाणी आल्यावरचा आमचा पहिला ऊस नुकताच तुटून गेला होता. शेजारची रानंही धुमसत होती.

"आवं आबा, माझ्या यंत्राला धूर चालत न्हाई!"

"लय नाजूक हाय गं तुझं यंत्र. ऊन पडलंय की! आन् बघ, आता आपण बी बागायतदार."

सहकाऱ्यानं आकडे पाहताच ओळखलं. "पाचट असणार. दर हंगामात पेटवतात. मी आधी ऊस किती लांब आहे तेच पाहिलं. अगं, मला विचारायचंस ना."

तो मायेनं बोलला, म्हणून जास्त झोंबलं. उसात वाढलेल्याला धूर ठाऊक असतो. आम्हाला फक्त गूळ ठाऊक.

ते दिवस अपवाद म्हणून गाळता आले असते. पण मग ऊस पुन्हा होणार नाही, असं लिहावं लागलं असतं. आबांच्या खोडव्याला, तुटलेल्या उसाच्या बुडख्यांना, तेव्हा कोंब फुटले होते. धूर दरवर्षी येईल, असं मी अहवालात लिहिलं.

टेकडी निवडली गेली. त्यानं सांगलीचं भडंग वाटलं. पाणी त्यांचं होतंच, आता ऊनही त्यांचंच.

आजही तिथली सूर्याची चित्रं उघडण्याआधी मी जतकडचा वारा उसाच्या रानांकडून आहे का ते बघते. चित्रं स्वच्छच निघतात.