कोळणीने थांबवलेली बस

कॅनव्हासच्या बुटांना लावायच्या पांढऱ्या पॉलिशचा ओला वास आला की मला माझी पहिली शर्यत आठवते. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. चौतिसाव्या वर्षी मी ठाण्यात बायकांच्या शर्यतीत नाव दिलेलं आणि ऑफिसभर सांगून बसलेले, त्यामुळे ती पूर्ण करणं भागच होतं. बाळकुमपर्यंत पोचले तेव्हा पुढच्या बायका दिसेनाशा झालेल्या, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, घामाने छातीवरचा कागदी नंबर विरघळत चाललेला. खाडीकडून खारट वारा येत होता. थांब्यावर बस उभी होती आणि एक कोळीण मासळीची टोपली डोक्यावर घेऊन चढत होती. मला धावताना बघून ती पायरीवरच थांबली आणि ओरडली, "थांबव रं गाडी, बाय धावत येतेय!" कंडक्टरने खरंच बस थांबवून धरली. मी धापा टाकत म्हटलं, "मावशी, बस नकोय, शर्यत आहे." "मग बाकीच्या कुठं हायत?" "पुढे गेल्या." "मग तर बसच! गाठशील त्यांना!" अख्खी बस हसली, मीही हसले, आणि पोटात अशी कळ आली की खाली बसणारच होते. तेवढ्यात कोळीण उतरली. "चल, नाक्यापर्यंत येते मी," म्हणाली. बस निघून गेली. मी धावत होते, ती टोपली सांभाळत नुसती चालत होती, तरी नाक्यावर माझ्याआधी पोचली. शर्यत मी पूर्ण केली. पुढे बऱ्याच धावले, दोनदा बक्षीसही मिळालं. पण त्या मावशीशी पुन्हा गाठ पडली असती तर आजही मीच हरले असते.