जर्मन पेशंटना ‘तू’ म्हटल्याची गोष्ट

लंडनमध्ये स्टॅनमोरला आमच्या घराच्या गॅरेजमध्ये आमची कंपनी आहे. माणसं दोन: बायको प्रोग्रॅम लिहिते आणि मी बोलतो. दातांच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट असली की पेशंटला आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जातो, एवढंच आमचं सॉफ्टवेअर. वेम्बलीकडच्या सात-आठ क्लिनिकनी ते घेतलं आणि मला युरोप दिसू लागला. एका छोट्या जर्मन गावातल्या डेंटिस्टबाई महिनाभर वापरून बघायला तयार झाल्या, त्याच दिवशी मी वेबसाइटवर कंपनीच्या नावापुढे ‘इंटरनॅशनल’ लिहून टाकलं.

“मेसेज भाषांतरकाराला देऊया,” बायको म्हणाली.

“अगं, मी आहे ना. पुण्यात दोन लेव्हल केल्यात मी जर्मनच्या.”

“त्याला वीस वर्षं झाली.”

“सायकल विसरतो का माणूस?”

“तुला सायकल येत नाही.”

जर्मनमध्ये तू आणि तुम्ही वेगळे असतात, हे मला माहीत होतं. पण आमच्या वर्गात सगळे एकमेकांना तूच म्हणायचे, तेच जिभेवर बसलेलं. शिवाय इंग्लंडमध्ये डॉक्टरसुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात. मला वाटलं, युरोपातही तसंच असणार, फक्त कॉफी जरा बरी.

चौथ्या दिवशी डेंटिस्टबाईंचा फोन आला. त्या इंग्लिशमध्ये अगदी शांतपणे म्हणाल्या, “माझे बहुतेक पेशंट सत्तरीच्या पुढचे आहेत. तुम्ही त्यांना लिहिलंय, ‘काय रे, उद्या येतोयस ना? दात घासून ये.’ एका आजोबांनी मेसेज नातवाचाच समजून त्याला झापलं.”

पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाकीट आलं. त्यांच्या एका पेशंटने, निवृत्त शाळाशिक्षिकेने, माझा मेसेज छापून लाल पेनाने तपासला होता. तीन ओळी, अकरा चुका. खाली फोन नंबर. बायकोने तो कागद फ्रिजवर लावला.

मी माफी मागायला त्या शिक्षिकाबाईंना फोन केला. जर्मन वाक्य आरशासमोर घोकलं होतं, प्रत्येक ठिकाणी तुम्ही घातलं होतं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“क्रियापद शेवटी,” त्या म्हणाल्या. “पुन्हा म्हणा.”

मी पुन्हा म्हटलं. पंचेचाळिशीत मला कोणीतरी पुन्हा शाळेत घातलं होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा नीट जमल्यावर छातीही फुगली.

“बाकीचे मेसेज कोण तपासतं?” त्यांनी विचारलं.

“मीच.”



“माझ्याकडे पाठवा,” त्या म्हणाल्या.

आम्ही त्यांना रीतसर कामावर घेतलं. डेंटिस्टबाई महिना संपल्यावरही राहिल्या, आणि त्यांच्या सांगण्यावरून शेजारच्या गावातली दोन क्लिनिकं आली. गेल्या महिन्यात इटलीतून ईमेल आला. इटालियनमधलं उत्तर मी लिहायला घेतलं होतं, पण बायकोने लॅपटॉप उचलून आपल्याकडे ठेवला. मी चहा टाकायला गेलो.