राखीव खेळाडूचा सत्कार

वलगावच्या चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला आणि मी मागच्या गल्लीने कॉलेजला जायला लागले. फोटोत माझ्या हातात बेसबॉलची बॅट होती. ती फोटोपुरतीच दिली होती. अकोल्याच्या स्पर्धेत आमचा संघ पहिल्याच सामन्यात सपाटून हरला आणि मी राखीव खेळाडू म्हणून पूर्ण वेळ बाकावर बसून टाळ्या वाजवल्या.

अमरावतीत आमच्या कॉलेजचा सराव म्हणजे असा: प्रशिक्षक सरांच्या पसंतीच्या नऊ मुली खेळायच्या आणि आम्ही बाकीच्या लांब उभ्या राहून चेंडू गोळा करायचो. त्या नऊही शाळेपासून आपापल्या जागेला चिकटलेल्या. चेंडू फेकणारी, म्हणजे पिचर, दुखऱ्या उजव्या खांद्याने फेकतच राहायची, कारण तिच्या जोडीला दुसरी तयारच केली नव्हती. "बघून बघून येते," सर म्हणायचे. बघून बघून मला एवढंच आलं, की चेंडू नालीत नेमका कुठे अडकतो. आम्हीही गप्प. प्रमाणपत्र मिळतंय, गुण मिळतायत, कशाला तोंड उघडा? मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या गप्प राहण्याची.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते ऑटो चालवतात आणि प्रत्येक सवारीला पोरगी बेसबॉल खेळते म्हणून सांगतात. फ्लेक्स त्यांनीच लावला, विहारात सत्कारही त्यांनीच ठरवला, वर सरांनाही बोलावलं. शाल, नारळ, गुच्छ, समोर सगळी वस्ती. माईक हातात आला. पहिल्या रांगेत आई डोळे पुसत होती. मी कसंबसं म्हटलं, "म्या एकबी बॉल खेयला नाही. मले बॅट धरता येत नाही."

सरांनी झटकन माईक घेतला. "पाहा, किती नम्र पोरगी आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. धरणीने पोटात घ्यावं, असं मला झालं.

घरी शालीची घडी घालता घालता बाबांनी विचारलं, "स्टेजवर बोलली ते खरं हाये काय?"

"हो, बाबा."

"मंग इतके दिवस तिथं करून काय रायली होती?"

"बॉल आणून देत होती."

ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरावाला मला तेच ऑटोतून घेऊन गेले आणि मैदानात थेट सरांसमोर जाऊन उभे राहिले. "सर, पोरगी नम्र-बिम्र काही नाही. तिले खरंच खेयता येत नाही. शिकवसान काय?"

रस्त्यावर सवाऱ्या बोलावणारा आवाज तो, सगळ्या मैदानाला ऐकू गेला. शरमेने मी मान वर केली नाही. सरही बुटाच्या टोकाने माती उकरत राहिले. मग त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "आणखी कोणाला येत नाही?"

आम्ही राखीव मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकेक करत हात वर केले. मग पिचरनेही केला, डावा.

"मले फेकण्याशिवाय काहीच येत नाही, सर," ती म्हणाली, "अन् आता फेकताबी येत नाही."