नाटकाचा मुहूर्त

तुमच्यातली थोरली परवा फोनवर म्हणाली की ती आता कलासंस्थांचं व्यवस्थापन शिकणार आहे, पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे, आणि "थांब आजी, तुला सोप्या शब्दांत सांगते." तिने सांगितलं, मी ऐकून घेतलं. आता मी सोप्या शब्दांत सांगते. तो अभ्यासक्रम मी केलेला आहे. सोलापुरात, सत्तरच्या दशकात, संध्याकाळच्या वर्गात.

एका कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर काही काळ लंडनला राहून आले होते. तिथली थिएटरं कशी चालतात हे त्यांनी पाहिलं, आणि परत आल्यावर त्यांना सोलापूर बघवेना. संस्थेच्या मागे लागून त्यांनी नाट्यव्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका सुरू केली. पहिल्या तुकडीत आम्ही तिघं होतो. एक बँकेतले कारकून, जे हौशी नाटकांत कामं करत. दुसरे एक गृहस्थ चुकून आले होते आणि भिडेखातर थांबले. तिसरी मी, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली.

पुस्तकं सगळी इंग्रजी, त्यामुळे ती वाचून इतरांना समजावणं माझ्याकडे आलं. त्यात 'फॉयर' नावाच्या जागेवर मोठं प्रकरण होतं. नाटकाआधी प्रेक्षक तिथे रेंगाळतात, काहीबाही पितात, एकमेकांचे कपडे बघतात. आमच्या नाट्यगृहाच्या दाराशी सायकल स्टँड होता. "तेच समजा," सर म्हणाले. आम्ही तेच समजलो, आणि लेखी परीक्षेत सायकल स्टँडमध्ये गालिचा असावा असं लिहून पास झालो.

प्रश्न प्रात्यक्षिकाचा होता. प्रत्येकाने नाटकाचा एक प्रयोग आयोजित करायचा, मोफत, निमंत्रितांसाठी. पुण्याहून परीक्षक येणार. त्यांची अट एकच: निमंत्रणावर छापलेल्या वेळेला पडदा उघडला पाहिजे, आणि त्या वेळी सभागृह भरलेलं पाहिजे.

माझं त्यात काय अडकलं होतं ते सांगते. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर. तुमचे आजोबा तेव्हा केम स्टेशनवर रेल्वेच्या नोकरीत होते, रविवारपुरते घरी यायचे, त्यामुळे घरातले निर्णय मामंजींकडे असत.

"या पदविकेने नोकरी लागते?" त्यांनी विचारलं होतं.

"नाट्यगृहाला व्यवस्थापक हवाय. पास झाले तर मला घेणार आहेत."

"आणि नापास झालीस तर?"

"तर बी. एड. करीन."

मी हे बोलायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बी. एड. कॉलेजचं माहितीपत्रक आणलं आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. रोज दिवा लावताना ते मला दिसायचं. मला शिक्षिका व्हायचं नव्हतं. लोकांचं शुद्धलेखन सुधारण्यात जन्म घालवलेला माणूस मी रोज जेवताना समोर बघत होते.

पहिला प्रयोग बँकेतल्या कारकुनांचा. निमंत्रणावर सातची वेळ. सातला सभागृहात परीक्षक, सर आणि आम्ही दोघं. बाकीचं सोलापूर सव्वाआठला पान चघळत आलं. कारकून नापास. भिडेखातर थांबलेल्या गृहस्थांनी हे पाहिलं आणि त्यांची भीड चेपली. ते पुन्हा दिसले नाहीत.

मी आमच्या शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांचे यजमान मिलमध्ये होते.

"काकू, माझं नाटक साडेसहाला असलं तर याल ना?"

"येते की. साडेसहा म्हंजी आठाला."

"नाही काकू, साडेसहाला."

"व्हय, त्येच म्हनते मी. आठाला."

याच काकू आठवड्यापूर्वी भाचीच्या लग्नाला टेंभुर्णीला गेल्या होत्या. वाटेत मोडनिंबला एस. टी.चा ड्रायव्हर चहाला उतरू लागला तर त्याला यांनी उतरू दिलं नव्हतं. "मुहूर्त चुकला तर तुजा बाप लावनार हाय का लगीन?" असं म्हणाल्याचं त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. म्हणजे घड्याळ त्यांना कळत होतं. नाटक त्यासाठी पुरेसं गंभीर नव्हतं, इतकंच.

मी मामंजींकडे गेले.

"मामंजी, पुढच्या महिन्यात गोरज मुहूर्त कधी आहे?"

"कोणाचं लग्न?"

"कोणाचं नाही. नाटकाला हवाय."

त्यांनी चष्मा काढला. "नाटकाला कसला मुहूर्त? साडेसहा छाप."

"मग मी नापास होईन."

"ते तुझं तू बघ," म्हणून ते आत गेले. थोड्या वेळाने पंचांग घेऊन बाहेर आले. "मंगळवार धरू नकोस. शुक्रवार उत्तम आहे. सहा सदतीस. साडेसहा छापशील तर ती वेळ अगदीच वाईट आहे." मी नापास व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण वाईट मुहूर्तावर नव्हे.

प्रेसमध्ये पिवळं कार्ड निवडलं. वर गणपती, खाली 'शुक्रवारी सायंकाळी ६ वाजून ३७ मिनिटांच्या शुभमुहूर्तावर', आणि मधोमध स्पष्ट अक्षरांत 'तीन अंकी नाटक'. फसवाफसवी नको म्हणून तो मजकूर मी मुद्दाम ठळक केला. सासूबाई म्हणाल्या, "नुसतं कार्ड टाकून कोण येतं? कुंकू लावून बोलवायला हवं." त्यांना घराबाहेर पडायला कारण हवंच होतं. आम्ही दोघी कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन दारोदार हिंडलो. प्रत्येक दारात मी सांगितलं, "नाटक आहे हं." प्रत्येक बाईने कार्ड हातात घेतलं, वेळ पाहिली, ठिकाण पाहिलं आणि म्हणाली, "व्हय व्हय, येतो की."

शुक्रवारी सहालाच सायकल स्टँड भरला. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पुरुष फेटे बांधून, पोरांचे केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. दारात पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी हसून स्वागत करत होते. माझ्या एका बाजूला परीक्षक, दुसऱ्या बाजूला सर, सरांच्या चेहऱ्यावर लंडन.

एका फेटेवाल्याने विचारलं, "मुलाकडच्यांनी कुटं बसायचं?"

"जिथे जागा असेल तिथे बसा."

हे त्यांना पसंत पडलं नाही. मधली वाट सोडून दोन्हीकडे दोन पक्ष आपोआप पडले आणि सभागृह दोन्ही बाजूंनी सारखं भरत गेलं. "बैठकव्यवस्था उत्तम," परीक्षक म्हणाले. तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात स्टीलचा डबा ठेवला. मग तांब्या. मग पेले, ताट. ठेवणीतली साडी नेसून दारात उभी असलेली मी एकटीच, तेव्हा आहेर आणखी कोणाला देणार? परीक्षकांनी डब्याकडे पाहिलं. मी डबा पाठीमागे धरला.

"अक्षता कुटं हाईत?" आतून बायका विचारू लागल्या. मी बोलायच्या आत सासूबाईंनी पिशवीतून लाल तांदूळ काढून वाटायला सुरुवात केली. अक्षता त्यांनी सवयीने कुंकवात भिजवून आणल्या होत्या.

तिसरी घंटा झाली आणि सहा सदतीसला पडदा उघडला. प्रवेश असा होता: एक वृद्ध विधुर अंथरुणावर शेवटच्या घटका मोजतोय. हे काम आमचे नापास झालेले कारकून करत होते. पडदा बाजूला होताच अख्ख्या सभागृहाने त्यांच्यावर अक्षता टाकल्या. ते उठून बसले, दोन्ही बाजूंना नमस्कार केला, आणि पुन्हा आडवे होऊन मरायला लागले. मी परीक्षकांकडे पाहिलं. त्यांचीही मूठ रिकामी होती.

नाटक लोकांनी चांगलं पाहिलं. तिसऱ्या अंकात रडले. पडदा पडला. कोणी उठेना.

शेजारच्या काकू दाराशी आल्या. "पंगत मागं हाय का हितंच?"

"काकू, जेवण नाही. नाटक होतं."

"आता गं बया! नाटक बगायला कुंकू लावत्यात व्हय?"

उजवीकडून एकजण म्हणाला, "मुलीकडल्यांनी करायचं असतंय जेवान." डावीकडून लगेच, "कुनी सांगितलं? आमी आहेर केलाय!" डावी आणि उजवी बाजू उभ्या राहिल्या.

परीक्षक माझ्या कानाशी म्हणाले, "सभागृह रिकामं करणं हाही व्यवस्थापनाचाच भाग आहे."

पुस्तकात उपाय होता: घंटा वाजवावी. मी वाजवली. पानं मांडली असं समजून सगळे मागच्या दाराकडे निघाले. तिकडे स्वच्छतागृह होतं. ते परत आले, आणि आता ते जास्त चिडलेले होते. मला समोर देवघराचा कोनाडा दिसायला लागला.

मग मी पुस्तक सोडलं आणि विचार केला, की लग्नातून लोक नेमके कधी उठतात? सायकल स्टँडला लागून पानाची टपरी होती. टपरीवाल्याकडे होती नव्हती ती सगळी पानं आणि सुपारी उचलली, आहेरातल्या ताटात मांडली, आणि सासूबाई आणि मी मुख्य दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो.

"आलात, बरं वाटलं," मी पहिल्या फेटेवाल्याला म्हटलं आणि पान पुढे केलं.

त्याचं भांडण अर्धवट राहिलं. हात आपोआप पुढे आला. "कार्य चांगलं झालं," तो म्हणाला आणि चपला शोधायला गेला. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे पोरं. पानसुपारी हातात पडल्यावर थांबायचं नसतं, हे त्या सभागृहात शिकवावं लागलं नाही. सगळ्यात शेवटी काकू. "जेवान न्हाय," त्या म्हणाल्या, "पर येळेवर लागलं."

परीक्षकांनीही पान घेतलं. "पास," ते म्हणाले. "पण बाई, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"फॉयरच्या प्रकरणात," मी म्हटलं. सर सायकल स्टँडकडे बघत राहिले.

मला व्यवस्थापकाची जागा मिळाली. मी तिथे असेपर्यंत प्रत्येक प्रयोगानंतर दारात पानसुपारी ठेवावी लागली, कारण ती मिळेपर्यंत सोलापूरचे लोक खुर्चीवरून हलत नसत. मुहूर्त मामंजी काढून देत. त्यांनी माझं अभिनंदन कधी केलं नाही. आहेराच्या भांड्यांवर नावं नव्हती, त्यामुळे ती परत करता आली नाहीत. त्यातला पहिला डबा शेंगाचटणीला घेतला. चटणीचं तेल तळाला उतरतं म्हणून खाली जाड कागद हवा होता. मामंजी उठले, कोनाड्यातून बी. एड.चं माहितीपत्रक काढलं, डब्याच्या मापाने नीट गोल कापलं, आणि तळाशी बसवून दिलं.