जेवणाच्या सुट्टीनंतर गोठणारे फोल्डर

लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस होतं. जाहिरातींच्या फिल्मचं काम चालायचं आणि सगळ्यांच्या फाइली एकाच सर्व्हरवर असायच्या. त्यावरचे फोल्डर प्रत्येकाच्या मशीनला जोडून देणं हे माझं काम. एकदा असं व्हायला लागलं की जेवणाची सुट्टी संपली की ते फोल्डर गोठायचे. क्लिक केलं की स्क्रीन ढिम्म. सर्व्हर जागा आहे का बघायला पिंग केलं, म्हणजे नुसती एक हाक मारली, तर मात्र तो लगेच उत्तर द्यायचा.

आयटी मॅनेजरने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर निकाल लावला. "सर्व्हर तर चालू आहे, म्हणजे घोळ मॅडमच्या सेटिंगमध्ये. झेपत नसेल तर सांगा, दुसरं कोणी बघू." लोक हसले. माझा सर्व्हरचा पासवर्ड बंद झाला आणि मला प्रिंटरची शाई बदलायला बसवलं.

लालबागच्या घरी आई म्हणाली, "सोड गो ता सगळा, नोकरी हा, ती सांभाळ." मी सोडणार नव्हते.

सगळ्या मशीनच्या तारा जिथे येऊन जोडतात, त्या नेटवर्कच्या स्विचवर अजून माझा हात चालत होता. मशीन आणि सर्व्हर, दोन्ही टोकांची रहदारी पकडून पाहिली. मशीनकडून निघालेली हाक सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती. मध्ये एकच खोकं होतं, येणारी-जाणारी रहदारी तपासणारा, मॅनेजरने स्वतः निवडून आणलेला नवा फायरवॉल. जेवणाच्या वेळात कुणी फोल्डरला हात लावत नसे. बोलणं संपलं असं समजून फायरवॉल ती जोडणी पुसून टाकायचा, दोघांपैकी कुणालाही न कळवता. मशीन बिचारं त्याच पुसलेल्या जोडणीवर हाका मारत बसायचं; पिंगची हाक दरवेळी नवी, म्हणून ती पोचायची.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. बाहेरची मोठी पार्टी काम बघायला येणार होती, तोवर थांबले. कुणाचं काम बुडणार नव्हतं. जोडणी मी पहिल्यापासूनच अशी ठेवली होती की मशीन वाट बघत राहील, फाइल गमावणार नाही.

पाहुणे जेवून आले. मॅनेजरने मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर फोल्डर उघडला. ढिम्म.

"रिस्टार्ट करा!" तो ओरडला.

"गरज नाही," मी म्हटलं आणि माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला. इकडून निघालेल्या हाका, तिकडे पोचलेलं शून्य, मध्ये ते खोकं. एकेक सावकाश दाखवलं.

पाहुण्यांसोबत बसलेल्या कंपनीच्या मालकांनी विचारलं, "हे मध्ये कुणी बसवलं?"

उत्तर मला माहीत होतं. पण मी मॅनेजरकडे बघत उभी राहिले. सगळेच त्याच्याकडे बघायला लागले.

"मी," तो म्हणाला.

"जरा मोठ्याने सांगा, मागे ऐकू आलं नसेल," मी म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी डोळे भरून पाहिल्या.

फायरवॉलमधली जोडणी पुसण्याची मुदत वाढवली आणि फोल्डर सुरळीत चालू लागले. माझा पासवर्ड परत मिळाला. पुढे मॅनेजरने दुसरीकडे नोकरी धरली. शेवटच्या दिवशी जाताना त्याने हात मिळवायला माझ्यापुढे हात केला. माझ्या हातात केबलचं भेंडोळं होतं. ते खाली ठेवता आलं असतं. मी ठेवलं नाही.